हयातीचा दाखला

पाणघोड्याचा वाढदिवस साजरा करावा की करू नये, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला नसेल. मलाही पडला नव्हता. बँकेत वीस-बावीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला जे प्रश्न पडतात ते बहुधा संध्याकाळी कॅश न जुळल्यामुळे पडतात, आणि त्यांची उत्तरे त्याच रात्री शोधावी लागतात. ज्यांची उत्तरे उद्यावर ढकलता येतात असे प्रश्न आमच्या धंद्यात नाहीत. पण त्याला कारण झाली २०२५ सालची २६ जानेवारी. ती नेमकी रविवारी आली. प्रजासत्ताक दिन रविवारी यावा याहून मोठे दुःख बँकेतल्या माणसाला नाही. सोसायटीत झेंडावंदन केले, जिलबी खाल्ली, आणि बुडालेल्या सुट्टीचा शोक करीत मी खुर्चीत पडलो होतो. माणूस अशा वेळी तत्त्वज्ञानाला फार लवकर बळी पडतो.

तेवढ्यात चिरंजीव मोबाइल घेऊन आले.

"बाबा, आज लूचा वाढदिवस आहे."

मला वाटले, खालच्या मजल्यावरचे लुल्ला. "मग वर बोलावलंय का आपल्याला?"

"लुल्ला नाही हो, लू! पाणघोडा. फ्लोरिडात असतो. पासष्ट वर्षांचा झाला आज."

मी चष्मा लावून पाहिले. खरोखरच एक अवाढव्य पाणघोडा पाण्यातून डोके वर काढून पाहत होता. आमचे झोनल मॅनेजर कर्जाच्या अर्जाकडे जसे पाहतात, तसे. म्हणजे जबडा केव्हा उघडेल याचा काही भरवसा नाही. शेजारी माणसे जमून त्याला शुभेच्छा देत होती.

"लोकांना काही उद्योग नाहीत," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पाणघोड्याचा वाढदिवस निदान माहीत तरी आहे लोकांना. अण्णांचा कधी असतो, सांगा बघू!"

आता इथे अण्णांची ओळख करून द्यायला हवी. अण्णा म्हणजे माझे वडील. राजापूरकडच्या आमच्या गावात आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर होते. आई गेल्यावर वर्षभर ते तिथे एकटे राहिले, एकदा न्हाणीघरात घसरून पडले, आणि मी त्यांना डोंबिवलीला घेऊन आलो. 'घेऊन आलो' हा माझा शब्द. त्यांचा शब्द वेगळा असावा, पण मास्तर असल्यामुळे ते शब्द जपून वापरतात. रोज संध्याकाळी दिवे लागले की ते गॅलरीतून आत येतात आणि विचारतात, "घरी कधी जायचं?" मी म्हणतो, "जाऊ हं अण्णा, पाऊस संपला की." पाऊस संपला की म्हणतो, "थंडी कमी झाली की." कर्जदार मला जी उत्तरे देतात, ती मी अशी वडिलांवर वापरतो.

अण्णांचा वाढदिवस कधी, हे कुणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५ अशी तारीख आहे. आता १ जून ही तारीख पाहिली की जाणत्या माणसाने काय ते ओळखावे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराचे मनगट धरून उभा राहायचा, मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "मोठा पूर आला होता बघा, त्याच्या आदल्या साली." मास्तर पोराकडे एकवार बघायचे, बोटांवर काहीतरी मोजायचे आणि लिहायचे: १ जून. महाराष्ट्रातली अर्धी जुनी पिढी अशी एकाच दिवशी जन्माला आली आहे. आमच्या बँकेत पेन्शनरांची यादी काढली तर वाटावे, मे महिन्याच्या अखेरीस या राज्यातल्या समस्त बायका एकदमच बाळंतपणाला माहेरी गेल्या असाव्यात. शिवाय ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. म्हणून दर ३१ मेला सरकारी कचेऱ्या एकदम ओस पडतात. अण्णाही २००३ च्या ३१ मेला निवृत्त झाले. अठ्ठावन्न पुरे व्हायच्या आदल्या दिवशी.

माझ्या बहिणीला अण्णांचे सहस्रचंद्रदर्शन करायचे होते. मी हिशेब मांडून दाखवला. पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवसांहून थोडे जास्त. हजार पौर्णिमांना ८० वर्षे आणि वर साधारण दहा महिने लागतात. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? चंद्र खरा आणि जन्मतारीख खोटी, अशी एंट्री जुळणार कशी? बहीण म्हणाली, "तुला काही करायचंच नसतं." हे मात्र खरे होते.

तर असो. त्या रविवारी मी लूची सगळी हकीकत वाचून काढली. ती मोठी नवलाची आहे.

लूचे पाळण्यातले नाव ल्युसिफर, म्हणजे चक्क सैतान. जन्म २६ जानेवारी १९६०, अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात. त्याच्या तारखेत कुणा मास्तराचा हात नाही. १९६४ साली तो फ्लोरिडात होमोसासा स्प्रिंग्ज या गावी आला. तिथे निळ्याशार पाण्याचा मोठा झरा आहे, आणि त्या काळी आयव्हन टॉर्स नावाचे निर्माते सिनेमा-टेलिव्हिजनमध्ये कामे करणारे आपले प्राणी तिथे ठेवीत असत. त्या नटमंडळींबरोबर लूही आला. पुढे कंपनी उठली, नट पांगले, लू राहिला. नाटक कंपनी बुडाली की एखादा म्हातारा नट शेवटच्या मुक्कामाच्या गावीच राहून जातो ना, तसा.

मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती जागा फ्लोरिडा सरकारने घेतली. सरकार आले म्हणजे परिपत्रक आले. परिपत्रकाचा आशय असा की, या उद्यानात फक्त फ्लोरिडाचे मूळ रहिवासी असलेले प्राणी ठेवावेत. मॅनेटी नावाची पाणगाय चालेल, मगर चालेल, पण परप्रांतीय नको. झाले! लूला जागा सोडण्याची नोटीसच आली म्हणायची. पाणघोडा मूळचा आफ्रिकेचा, यात वाद नव्हता.

पण गावकरी खवळले. त्यांनी पत्रांवर पत्रे पाठवली. अखेर १९९१ साली गव्हर्नर लॉटन चाइल्स यांनी तोड काढली. त्यांनी नियम मोडला नाही, बदललाही नाही. त्यांनी लूला फ्लोरिडाचा मानद नागरिक करून टाकले! नागरिक झाला म्हणजे रहिवासी झाला. रहिवासी झाला म्हणजे नियमात बसला. मंडळी, नियमात पाणघोडा बसवणे म्हणजे काय, हे ज्याने कधी केवायसीचा फॉर्म तपासला आहे त्यालाच कळेल. माझ्या काउंटरवर रोज अशी माणसे येतात. पंचवीस वर्षे एकाच खोलीत राहिलेली, सगळी गल्ली त्यांना ओळखते, पण वीजबिल घरमालकाच्या नावावर. मी म्हणतो, "पुरावा आणा." ती म्हणतात, "साहेब, मीच आहे की पुरावा!" मी म्हणतो, "तुम्ही चालत नाही, झेरॉक्स आणा." गव्हर्नरसाहेबांना मात्र सहा हजार पौंडांचा पुरावा पाण्यात उभा असलेला पुरेसा वाटला. त्या दिवसापासून मला माझ्या खुर्चीची थोडी लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बँकेत डबा खाताना मी हे सांगितले. आमचे हेडकॅशियर ऐकून घेतात आणि मग चिमटीत धरून नोट खोटी ठरवावी तसे मत देतात. ते म्हणाले, "म्हणजे जन्मठेपेच्या कैद्याचा वाढदिवस! तुरुंगात बर्फी वाटायची. साठ वर्षं डबक्यात ठेवला, आणि वर गाणं म्हणतात. त्याला काय कळतं? हा वाढदिवस पाणघोड्याचा नाही, बघणाऱ्यांचा."

मला उत्तर सुचले नाही. कारण मुद्दा बिनतोड होता. पाणघोडा हा काही सोफ्यावर बसून फुंकर मारणारा प्राणी नव्हे. तो रात्री बाहेर पडून मैल-दोन मैल चरतो, दिवसाकाठी पस्तीस-चाळीस किलो गवत खातो. पाण्यात राहतो, पण खऱ्या अर्थाने पोहत नाही, तळावरून चालतो. त्याच्या अंगातून तांबूस घामासारखे द्रव पाझरते, ते त्याचे उन्हापासून रक्षण करते. नर पाणघोडा शेपटीचा पंखा करून स्वतःची विष्ठा चौफेर उडवतो, आणि त्याच्या समाजात हे हद्द सांगण्याचे साधन मानले जाते. असा हा गृहस्थ. त्याला केक, गाणे, आणि 'जीवेत् शरदः शतम्' यांचे काय कौतुक? त्याला कुणी विचारले होते का की बाबा, तुला इथे राहायचे आहे का?

मी डबा बंद केला, पण हा शेवटचा प्रश्न डब्याबाहेर राहिला. संध्याकाळी घरी गेलो. अण्णा गॅलरीतून आत आले आणि म्हणाले, "घरी कधी जायचं?"

मी "जाऊ हं" म्हणालो नाही. त्या दिवशी जमलेच नाही.

आमच्या सोसायटीत अण्णा फार लाडके आहेत. खालची पोरे त्यांना पाढे म्हणून दाखवतात. पावकी-निमकी येणारा माणूस पाहायला लांबच्या विंगेतून मुले येतात. लुल्लांची सून शुक्रवारी त्यांच्यासाठी साई भाजी पाठवते. "अण्णांना कुठे पाठवू नका हं," असे मला लिफ्टमध्ये तीन जणांनी बजावले आहे. होमोसासाच्या लोकांनी सरकारला पत्रे लिहिली, त्यातलाच हा प्रकार. प्रेम खोटे नव्हे. पण प्रेमाला एक खोड असते: ते ज्याच्यावर करायचे त्याला सोडून इतर सगळ्यांना विचारते.

(हा लेख छापून आल्यावर वडिलांची तुलना पाणघोड्याशी केली म्हणून घरात काय होणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण हिशेबाला हिशेब.)

रात्री हेडकॅशियरांना देण्याचे उत्तर सुचले. उत्तरे सुचण्याची आमची वेळ कामाच्या तासांनंतरची असते. लूला 'घरी' पाठवायचे म्हणजे कुठे? आफ्रिका त्याने कधी पाहिलीच नव्हती. १९९१ साली त्याला हलवले असते तरी तो आफ्रिकेत गेला नसता. दुसऱ्या कुठल्यातरी संग्रहालयात, दुसऱ्या टाकीत, अनोळखी माणसांच्या हाती गेला असता. ज्याचा जन्मच पिंजऱ्यात झाला, त्याच्यावरचा अन्याय त्याच्या जन्माआधीच होऊन गेलेला असतो. त्यानंतर उरते ते एवढेच, की जी जागा त्याने आपली मानली तीही हिसकावायची की नाही. तिथल्या लोकांनी ती हिसकावू दिली नाही.

आणि याच्या उलट बाजूही पाहा. कोलंबियात पाब्लो एस्कोबार या कोकेनवाल्यांच्या राजाने १९८० च्या दशकात आपल्या हौसेच्या बागेत चार पाणघोडे आणले. १९९३ साली तो मारला गेला. पाणघोडे नदीत गेले आणि वाढत वाढत दीडशेच्या वर पोचले. २०२२ साली तिथल्या सरकारने त्यांना उपद्रवी परकी जात ठरवले. २०२३ मध्ये त्यांतले साठेक आपल्या गुजरातेत धाडण्याचा बेतही जाहीर झाला होता. जात तीच, दोष तितकाच, म्हणजे काहीच नाही. यांनाही कुणा श्रीमंताच्या करमणुकीसाठी आणले, लूलाही. पण लूला नाव होते, जन्मतारीख होती, दर वर्षी वाढदिवस होत होता. यांना फक्त आकडा होता. आकड्याला नोटीस काढणे सोपे असते, हे मी रोज पाहतो. खाते क्रमांकाला कडक पत्र लिहिता येते. समोर उभ्या असलेल्या बाईला तेच वाक्य बोलताना जीभ अडखळते.

तेव्हा वाढदिवस पाहणाऱ्यांचा असतो हे हेडकॅशियरांचे म्हणणे खरेच. पण तोच त्याचा उपयोग. वाढदिवस म्हणजे आपण आपल्याच सहीने दिलेला कबुलीजबाब, की हा अमुक एक आहे, इथे आहे, आणि याला आम्ही ओळखतो. एकदा ही सही केली की पुढचे तीनशे चौसष्ट दिवस बांधले जातात. लूसमोर गाणे म्हणायला लोक जानेवारीत एक दिवस येत. पण त्याचा चारा टाकायला, पाणी बघायला आणि ती शेपटीच्या पंख्याची कामगिरी धुऊन काढायला कुणीतरी रोज येत होते. रोज धुणाऱ्याने वर्षातून एकदा टाळी वाजवली तर तिला ढोंग म्हणू नये. नुसती टाळी वाजवून घरी जाणाऱ्याने मात्र थोडा विचार करावा.

मीही केला. अण्णांचे मी काय रोज धुतो? औषधे सौ. देते. फिरायला चिरंजीव नेतात. पाढे सोसायटीची पोरे ऐकतात. माझ्याकडे आहे फक्त 'जाऊ हं'. म्हणजे मी नुसत्या टाळीतला.

मे अखेरीला मी आठ दिवसांची रजा टाकली. "अहो, पावसात?" असे सौ. म्हणाली, आणि मग निमूटपणे अण्णांच्या बंड्या पिशवीत भरू लागली. त्या वर्षी पाऊसही मे महिन्यातच कोकणात उतरला होता. मला सबब म्हणून वापरायला तो जणू आधी येऊन उभा राहिला होता. दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरली. अण्णा खिडकीशी बसले आणि एकेक स्टेशनाचे नाव, शाळेत हजेरी घ्यावी तसे मोठ्याने वाचू लागले.

१ जूनला सकाळी गावच्या घरी मी पडवीतली गळती मोजत होतो. पाच ठिकाणी. इतक्यात एक म्हातारा छत्री मिटवीत आला. "मास्तर आले म्हणून कळलं. आज वाढदिवस ना त्यांचा?" मी चकित झालो. "तुम्हांला कसं ठाऊक?"

"माझाही आजच असतो," तो म्हणाला. "त्यांनीच लिहिला."

मग दुसरा आला. त्याचाही आजच. तिसरा आपल्या धाकट्या भावाला घेऊन आला. दोघांचाही आजच, दोन वर्षांच्या अंतराने. दहा वाजेपर्यंत पडवीत तेरा-चौदा माणसे बसली होती, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंतची, सगळी एकाच तारखेला जन्मलेली, आणि सगळ्यांच्या जन्माला कारण एकच टाक. सौ.ने मोठ्या पातेल्यात शिरा केला. एकजण म्हणाला, "मास्तर, माझं एक वर्ष जास्त धरलंत हो तुम्ही. नोकरीत वर्षभर आधी घरी बसलो." अण्णा त्याच्याकडे बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "तू अंगाने थोराड होतास." सगळे हसले. अण्णाही हसले. आई गेल्यानंतर त्यांना असे हसताना मी पाहिले नव्हते.

तारीख साफ खोटी. पण त्या पडवीत बसलेल्या कुणालाही ती खोटी वाटत नव्हती. फ्लोरिडाचा तो नागरिकत्वाचा कागदही तसा खोटाच. पाणघोडा कुठे मत द्यायला जाणार होता? परंतु कागदावरच्या काही खोट्या गोष्टी माणसे इतकी वर्षे मनापासून पाळतात, की शेवटी त्या खऱ्या होतात. बँकेत मात्र हे वाक्य कृपया कुणी म्हणू नये.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस थांबला होता. अण्णा पडवीत बसले होते. समोरच्या फणसाकडे बघत त्यांनी मला हाक मारली.

"अरे, घरी कधी जायचं?"

कुठल्या घरी, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "तुम्ही म्हणाल तेव्हा." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांचे एकोणतीसचे पाढे राहिलेत."

रजा संपली, आम्ही परत आलो. आता दर मे महिन्यात आठ दिवस जायचे असा ठराव झाला आहे. ठरावाला सूचक मी आहे, आणि अनुमोदन चिरंजीवांचे. गळतीच्या पाचांपैकी तीन जागा मी बुजवून आलो. दोन पुढच्या वर्षासाठी शिल्लक आहेत.

त्याच जून महिन्यात चिरंजीव मोबाइल घेऊन आले, पण या वेळी काही न बोलता त्यांनी तो माझ्या हातात दिला. लू गेला होता. पासष्ट वर्षे हे पाणघोड्याला फार झाले. त्याच्या जातीत चाळीस-पन्नास म्हणजे भरपूर. मी हेडकॅशियरांना सांगितले. ते नोटा मोजत होते. मोजणी मधेच थांबली, जी कधी थांबत नाही. "कैदी सुटला," असे ते म्हणतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "पुढच्या २६ जानेवारीला चुकल्यासारखं होईल हो त्या लोकांना." आणि त्यांनी बंडल पहिल्यापासून मोजायला घेतले.

नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. जिवंत असल्याबद्दल सही करायची. अण्णांचा फॉर्म या खेपेला मीच भरला. नाव, खाते क्रमांक, जन्मतारीख १ जून १९४५. 'कायमचा पत्ता' या रकान्याशी पेन घेऊन मी अडलो आणि अण्णांना विचारले, "इथे काय लिहू?"

इतकी वर्षे पत्त्याचे पुरावे मागत आलो, पण ज्याचा पत्ता त्यालाच विचारण्याची ही माझी पहिली वेळ.

अण्णांनी फॉर्म हातात घेतला, चष्म्यातून एकदा वरपासून खालपर्यंत तपासला, आणि म्हणाले, "अक्षर सुधार आधी."